शेठची गाडी हप्त्याने घ्यावी का?

प्रश्न : मी मानखुर्दला राहतो. माझे वय ३९ आहे. गेली सहा वर्षे कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट मालकाकडे दहाचाकी गाडी चालवतो. भिवंडीहून इंदूर आणि इंदूरहून परत, अशी बहुतेक लाइन असते. पगार २५ हजार रुपये असून फेरीमागे भत्ता वेगळा मिळतो. आता शेठने असे सुचवले आहे की, मी चालवतो तीच चार वर्षे वापरलेली २८ टनी गाडी मी त्यांच्याकडून २२ लाखांना घ्यावी. २ लाख डिपॉझिट आधी द्यायचे, त्यानंतर ४८ महिने दरमहा ५८ हजार रुपये भाड्यातून कापले जातील आणि शेवटी १ लाख भरले की आरसी बुक माझ्या नावावर होईल. माल त्यांच्याच ऑफिसमधून उचलायचा, भाड्यावर त्यांचे ८ टक्के कमिशन राहील आणि डिझेल, टोल, टायर, दुरुस्ती, विमा, पासिंग हे सर्व माझ्याकडे. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर गाडी परत जाईल आणि तोवर भरलेली रक्कम गाडी वापरल्याचे भाडे समजली जाईल. जाताना ४२ हजार आणि येताना २८ हजार भाडे मिळते. महिन्याला साधारण पाच फेऱ्या होतात. तशीच गाडी बाहेर साडेसतरा लाखांना मिळते, ती फायनान्सवर घे, असा मेहुण्याचा आग्रह आहे. घरात साडेतीन लाखांची शिल्लक आहे आणि मुलगी यंदा दहावीला आहे. पत्नीचे म्हणणे असे की, शेठ इतक्या वर्षांच्या ओळखीचे आहेत, फसवणार नाहीत. काय करावे?
— एक वाचक, मानखुर्द

उत्तर : अटी तुम्ही लिहिल्या आहेत तशाच राहणार असतील, तर या करारावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अटी बदलून घेता आल्या तर विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्या कोणत्या, हे पुढे सांगतो. तुम्ही सर्व आकडे तपशिलाने कळवलेत, हे फार बरे केलेत, कारण अशा व्यवहारात ‘गाडी चार वर्षांनी आपली होणार’ या एका वाक्यापुढे बहुतेक जण हिशेब मांडतच नाहीत.

आधी किंमत पाहू. डिपॉझिटचे २ लाख, ४८ हप्त्यांचे २७ लाख ८४ हजार आणि शेवटचे १ लाख मिळून तुमच्या खिशातून ३० लाख ८४ हजार रुपये जाणार आहेत. शेठ किंमत २२ लाख सांगतात; मेहुण्याने सांगितलेला भाव खरा असेल तर गाडीची किंमत साडेसतरा लाख आहे. म्हणजे साडेपंधरा लाखांच्या उधारीवर तुम्ही चार वर्षांत १३ लाख ३४ हजार रुपये जास्तीचे देणार. घटत्या शिलकीवर मोजले तर हा व्याजदर वर्षाला ३३ टक्क्यांच्या घरात जातो. करारात व्याज हा शब्दच नसल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. शिवाय आरसी तुमच्या नावावर होईल तेव्हा गाडी आठ वर्षांची झालेली असेल. व्यापारी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे फिटनेस प्रमाणपत्र मिळते आणि त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. तेव्हा गाडी तुमची होईल त्याच सुमारास दरवर्षीचे पासिंग आणि त्यासाठीची डागडुजी तुमच्या मागे लागेल.

आता फेरीचा हिशेब मांडू, कारण खरी गोम तिथे आहे. भाडे तुमचेच धरतो, बाकीचे खर्च मी अंदाजाने धरले आहेत. ते तुम्ही आपल्या वहीशी ताडून पाहा. जाऊन-येऊन १,२०० किलोमीटर, लिटरला चार किलोमीटरचे ॲव्हरेज आणि ९० रुपयांचा भाव धरला तर ३०० लिटर डिझेलचे २७ हजार होतात. टोल दोन्ही बाजूंचा मिळून १० हजार, शेठचे कमिशन ५,६००, युरिया (धूर स्वच्छ करण्यासाठी गाडीत घालायचे द्रव) ९००, हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च) आणि वजनकाट्याचे अडीच हजार, आणि टायरची झीज किलोमीटरला अडीच रुपयांप्रमाणे ३ हजार. ही बेरीज ४९ हजार रुपये येते. ७० हजारांच्या भाड्यातून एका फेरीमागे २१ हजार उरतात आणि पाच फेऱ्यांचे १ लाख ५ हजार होतात.

याच्यासमोर दरमहा ठरलेला खर्च ठेवा. हप्ता ५८ हजार आणि क्लीनरचा पगार १२ हजार. विमा, कर, परमिट आणि पासिंग यांना वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार बाजूला काढावेच लागतील. २० ते ४० टन वजनाच्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी विम्याचा हप्ता २०२२ साली ठरलेल्या दराने ४३,९५० रुपये आहे, त्यावर कर वेगळा, आणि नॅशनल परमिटची वार्षिक फी १६,५०० रुपये. सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीसाठी १२ हजारांपेक्षा कमी धरणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय, कारण ही गाडी बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांची आहे आणि युरियाच्या यंत्रणेतला एखादा सेन्सर गेला की घाटात गाडी ताकद सोडते व रस्त्यावरच्या मेस्त्रीला तिथे फारसे काही करता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. हे सगळे ९२ हजार झाले. म्हणजे पाच फेऱ्या पूर्ण झालेल्या चांगल्या महिन्यात तुमच्या हाती १३ हजार रुपये पडतील आणि तुमच्या दोघांच्या वाटेतल्या जेवणखाणाचा खर्च मी यात धरलेलाच नाही. आज तुम्हाला २५ हजार पगार आणि वर भत्ता मिळतो.

एक फेरी कमी झाली तर काय होते, तेही पाहा. २१ हजार कमी झाले की महिना ८ हजारांनी तोट्यात जातो. पावसाळ्यात कसारा किंवा बिजासन घाटात दिवसभर अडकून पडणे, दिवाळीत गोदामे बंद असणे, इंदूरला परतीच्या मालासाठी तीन दिवस थांबणे यांपैकी एकही गोष्ट घडली नाही, असा महिना तुमच्या आठवणीत किती वेळा आला? नुसता आजचा पगार सुटण्यासाठीही तुम्हाला साडेपाच फेऱ्या लागतील. त्या ओढीने माणूस मग गाडीत जादा माल भरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार असा आहे, म्हणजे तीन टन जास्त भरलेली गाडी एकदा पकडली गेली की २६ हजार जातात आणि सबंध फेरीची कमाई दंडात संपून वर खिशातले पाच हजार जातात.

या करारातली मला सर्वांत खटकणारी अट हप्त्याची नाही, मालाची आहे. तुम्हाला महिन्यात किती फेऱ्या मिळणार, चांगल्या भाड्याचा माल तुम्हाला मिळणार की शेठच्या स्वतःच्या दुसऱ्या गाडीला, परतीचा माल कधी लागणार, हे सर्व शेठच्या ऑफिसात ठरणार. आणि तुमचे दोन हप्ते चुकले तर गाडीही शेठना परत मिळणार, भरलेले पैसेही त्यांच्याकडेच राहणार. ज्याच्या हातात तुमची कमाई आहे, त्याचाच तुमच्या नुकसानीत फायदा आहे, अशी ही रचना आहे. तुमचे शेठ मुद्दाम काही करतील असे मी म्हणत नाही. मंदी आली की मालक आधी आपल्या गाड्यांना माल देतो. त्यात दुष्टपणा नसतो, पण तुमचा हप्ता मात्र चुकतो. उद्या शेठनी धंदा मुलाकडे सोपवला किंवा भागीदारी मोडली, तर तुमचा संबंध त्यांच्या स्वभावाशी न राहता फक्त कागदाशी राहील, हे पत्नीलाही समजावून सांगा.

अशी पद्धत आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ट्रक कंपन्या आपल्याच ड्रायव्हरांना भाडेपट्ट्याने गाडी देतात आणि शेवटी ती विकत घेण्याचा पर्याय ठेवतात. तिथेही माल कंपनीचा, कपात कंपनीची आणि गाडी परत घेण्याचा अधिकारही कंपनीचाच असतो. २०२१ च्या कायद्यानुसार या प्रकारांची चौकशी करण्यासाठी तिथे सरकारी कार्यदल नेमले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने अशा योजनांवर बंदीच घालावी, अशी शिफारस केली. तिथले कायदे आपल्याला लागू नाहीत, पण दुखणे तेच आहे.

आपल्याकडे तर अशा व्यवहारासाठी स्वतंत्र कायद्याचा आधारही उरलेला नाही. भाडे-खरेदीसाठी १९७२ साली कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे तुमचे हक्क जवळजवळ पूर्णपणे करारात काय लिहिले आहे यावर ठरतात. भरलेले सर्व पैसे जप्त करणाऱ्या अटीला १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ खाली आव्हान देता येते, कारण करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मिळावी असे ते कलम सांगते. मात्र त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल आणि तोवर गाडी दुसरा कोणीतरी चालवत असेल. अपघाताच्या बाबतीत स्थिती याहून चमत्कारिक आहे. मोटार वाहन कायद्यातली मालकाची व्याख्या अशी आहे की, गाडी भाडे-खरेदीच्या करारात असेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात सांगितले की, नुकसानभरपाईसाठी ज्याचे नाव नोंदणीत आहे त्यालाच मालक धरावे. तुमच्यासारख्याच्या प्रकरणात दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा मुद्दा उचलतील आणि विमा चालू नसेल तर तुम्हालाही त्यात ओढले जाईल.

सही करण्याआधी एक गोष्ट मात्र आजच्या आज करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून आरसीवर कोणत्या फायनान्स कंपनीचा बोजा आहे, फिटनेस आणि विमा कुठपर्यंत आहे आणि किती चलने थकलेली आहेत, हे पाहून घ्या. चार वर्षांच्या गाडीवर कर्ज शिल्लक असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर तुम्ही शेठना वेळेवर हप्ता दिलात आणि शेठनी तो पुढे भरला नाही, तरी फायनान्सवाले वाटेत गाडी तुमच्याच हातून ओढून नेतील.

मेहुण्याचा सल्ला दिशेने बरोबर आहे, वेळेने नाही. साडेसतरा लाखांच्या गाडीला साडेतीन लाख स्वतःचे घातले आणि १४ लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट दराने (म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज) मिळाले असे समजा, तर हप्ता ३९ हजार ६६७ रुपये येतो आणि सर्व मिळून साधारण साडेबावीस लाख जातात. शेठच्या योजनेपेक्षा हे सव्वाआठ लाखांनी कमी आहे आणि आरसी पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर राहते. फ्लॅट ९ टक्के ऐकायला स्वस्त वाटते, प्रत्यक्षात ते घटत्या शिलकीवर १६ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून कर्ज देणाऱ्याकडून मुख्य तपशिलाचे पत्रक मागून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ आणि लघुउद्योगांच्या कर्जांसाठी ते सक्तीचे केले आहे आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, हे छापलेले असते.

अडचण अशी की, साडेतीन लाख गाडीत घातले तर हातात काहीच उरत नाही. भाड्याचा काही भाग गाडी भरताना ॲडव्हान्स मिळतो आणि बाकी पोच पावती पोहोचल्यानंतर, पार्टीच्या सवडीने, कधी महिन्याने मिळते. तोवर पुढच्या फेरीचे डिझेल आणि टोल स्वतःच्या पैशाने चालवावे लागतात. त्यात एकदा क्लच प्लेट गेली किंवा दोन टायर फुटले की सावकाराकडे जाण्यावाचून मार्ग राहत नाही. माझ्या मते गाडीत घातलेल्या पैशाखेरीज किमान दीड लाख रुपये वेगळे असल्याशिवाय गाडी घेऊ नये. मुलीची दहावी होऊ द्या, वर्ष-दीड वर्ष पगारावर राहा, उत्पन्नाचे विवरणपत्र भरायला लागा आणि त्या काळात भिवंडीतल्या दोन-तीन ब्रोकरांशी आणि इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात परतीचा माल देणाऱ्यांशी स्वतःची ओळख वाढवा. ज्याच्या फोनमध्ये माल देणाऱ्यांचे नंबर आहेत, त्याला फायनान्सचा हप्ता जड जात नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

शेठ खरोखर तुमचे भले चिंतीत असतील तर त्यांच्याशी पुन्हा बोला. किंमत बाजारभावाने धरावी, आरसी आत्ताच तुमच्या नावावर करून उरलेल्या रकमेचा बोजा रीतसर फॉर्म ३४ भरून आरटीओत नोंदवावा, दर महिन्याला किती मुद्दल फिटले आणि किती राहिले हे सहीनिशी लिहून द्यावे, त्यांच्याकडे दोन दिवसांत माल नसेल तर बाहेरचा माल उचलण्याची मुभा द्यावी आणि गाडी परत घेण्याची वेळ आलीच तर तिची किंमत ठरवून तुमचे जास्तीचे पैसे परत करावेत, एवढ्या गोष्टी मान्य झाल्या तर हा करार फायनान्सपेक्षाही सोयीचा ठरू शकेल. जामीनदार शोधावा लागणार नाही आणि गाडीची सगळी खोड तुम्हाला ठाऊक आहेच. आरसीच्या अटीवर ते काय म्हणतात, याकडे विशेष लक्ष द्या. ‘नाव काय, कधीही करू’ असे उत्तर आले, तर तुमचेही उत्तर नकारार्थी असू द्या.

प्रश्न : माझ्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी असाच करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून केला आहे. आरसी शेठच्या नावावर आहे. त्या वेळी यजमानांकडून सहा कोऱ्या धनादेशांवर सह्या घेतल्या होत्या. हप्ता भाड्यातून कापला जातो, त्यामुळे आमच्याकडे एकही पावती नाही. गेल्या महिन्यात फायनान्स कंपनीच्या माणसांनी नाशिक रस्त्यावर गाडी अडवली, तेव्हा शेठचे तीन हप्ते थकल्याचे कळले. शेठनी पैसे भरून गाडी सोडवली. आता पुढे काय काळजी घ्यावी? आणि उद्या अपघातात यजमानांना काही झाले तर विमा मिळेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी पुरावा गोळा करा. दोन वर्षांतल्या सर्व बिल्ट्या (प्रत्येक फेरीच्या मालाच्या पावत्या), डिझेलच्या पावत्या, फास्टॅगचे उतारे आणि शेठच्या ऑफिसने पाठवलेले हिशेबाचे व्हॉट्सॲप संदेश एकत्र करून महिन्यावार लावा आणि त्यावरून किती कापले गेले याचा तक्ता तयार करा. तो शेठना नोंदणीकृत टपालाने पाठवून ‘यात चूक असल्यास पंधरा दिवसांत कळवावे’ असे सौजन्याने लिहा. भांडणाचा सूर नको. उत्तर आले तरी उपयोगाचे आणि नाही आले तरी उपयोगाचे. नोटरी केवळ सह्या कोणी केल्या याची साक्ष देतो, आरटीओला त्या कागदाची खबरही नसते, म्हणून हा तक्ता महत्त्वाचा.

फायनान्स कंपनीने गाडी ओढण्याआधी नोटीस द्यावी, विक्रीआधी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची नियमावली आहे, आणि वसुलीसाठी गुंड वापरणे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच चुकीचे ठरवले आहे. पण ही नोटीस कर्जदाराला जाते. कर्जदार शेठ आहेत. कंपनीच्या दप्तरी तुमच्या यजमानांचे नावच नाही. त्यामुळे यापुढे कापलेल्या रकमेतून गाडीच्या कर्जाचा हप्ता थेट त्या कर्जखात्यात यजमानांच्या बँक खात्यातून जावा आणि उरलेली रक्कम शेठना मिळावी, अशी मागणी करा. गाडी एकदा वाटेत अडवली गेल्यानंतर ही मागणी नाकारणे शेठनाही अवघड जाईल. कोऱ्या धनादेशांचे क्रमांक लिहून ते परत मागणारे पत्र वेगळे द्या. तसा धनादेश भरून बँकेत टाकला आणि तो वटला नाही, तर फौजदारी खटला यजमानांवर उभा राहतो. गाडी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर, पुढेमागे शेठ सही करून देतील तेव्हा, तारीख आणि नाव भरल्याशिवाय ते स्वीकारू नका.

विम्याचे म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे. गाडीच्या विम्यातले १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असते, म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे अशा माणसासाठी. यजमान आरसीवर नाहीत, म्हणून ते त्यांना मिळणार नाही. पगारी ड्रायव्हर म्हणून भरपाई मागता येते, पण ‘हा आमचा नोकर नाही’ असे करारात लिहिलेले असेल तर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. यावर उपाय खर्चिक नाही. यजमानांच्या स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, त्यात व्यवसाय ‘अवजड वाहन चालक’ असाच स्पष्ट लिहा. नुसते ‘व्यवसाय’ किंवा ‘ट्रान्सपोर्ट’ लिहिले तर दाव्याच्या वेळी अडते. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही चालू आहे का, ते पासबुकात पाहा.

प्रश्न : गाडी माझ्या नावावर नाही, पण हप्त्याने घेतलेली आहे. अशा वेळी मला आयकर भरावा लागेल का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असणाऱ्यांसाठी आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे आणि तिच्यात हप्त्याने घेतलेली, अजून पैसे देणे बाकी असलेली गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच मालक मानले जाते. १२ टनांपेक्षा जास्त वजनाच्या गाडीला टनामागे महिन्याला १ हजार रुपये उत्पन्न धरले जाते, त्यामुळे तुमची गाडी २८ टनी असेल तर वर्षाचे उत्पन्न ३ लाख ३६ हजार होते. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत कर नाही, तेव्हा दुसरे काही उत्पन्न नसल्यास तुम्हाला कर बसणार नाही. प्रत्यक्षात याहून कमी सुटले असे दाखवायचे असेल तर हिशेबाची पुस्तके ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. कर नसला तरी विवरणपत्र मात्र भरा, कारण पुढे बँकेकडे गाडीचे कर्ज मागायला गेलात की मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पहिल्या खिडकीवरच मागतात.